डाव्या बाजूचे अकरा दोष

गाडी घरी आली त्या दिवशी भाऊजींनी तिला पास केलं. ही बातमी दुसऱ्या दिवशी कारखान्यात पोचली, तेव्हा तपासणी खात्यातली माणसं हातातलं काम थांबवून हसली. "नापासरावांनी पास केलं? मग ती गाडी नसेल, विमान असेल," असं लेथवाला म्हणाला.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. पाण्याचे पंप बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात ते अडतीस वर्षं अंतिम तपासनीस होते आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी तिथेच पाठवणी खात्यात आहे. माझं एक वर्ष उरलं आहे. तयार पंप त्यांच्या टेबलावरून माझ्या खात्यात यायचा. म्हणजे, आला तर. न आलेल्या पंपावर लाल चिठ्ठी बांधलेली असायची. तिच्यावर डावीकडून सुरू होऊन पूर्ण रुंदीभर एकच ठळक शब्द छापलेला, 'नापास', आणि खाली तीन ओळी: दोष काय, कुठे, किती. पास झालेल्या पंपाला चिठ्ठी नसे, खडूची एक बारीक रेघ असे. भाऊजींना खडूचा खोका वर्षभर पुरायचा. चिठ्ठ्यांचे गठ्ठे मात्र महिन्याला लागायचे.

एकदा माल भरायला ट्रक दारात उभा, व्यवस्थापक स्वतः घड्याळ बघत उभे, आणि भाऊजी चालू पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरून बसलेले. "हा खोकतोय," ते म्हणाले. व्यवस्थापक भडकले. पंप उघडला तर आतल्या पात्यावर केसाएवढी भेग. त्या दिवसापासून त्यांच्या टेबलाजवळ मोठ्याने बोलायचीही कुणाची टाप नव्हती.

मला ते नावाने कधी हाक मारत नाहीत. "काय पाठवणी, जेवलास का?" असं विचारतात. लग्नात ताई निघाली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी रडलो होतो. "बहिणीची पाठवणी केली आणि त्याच खात्यात चिकटला," हा त्यांचा पस्तीस वर्षांचा विनोद. ताईचाही एक आहे: "मला तेवढं एका नजरेत पास केलं. तेव्हापासून फेरतपासणी चालू आहे."

गाडी घेण्याचं कारण चिऊ. चिऊ ही त्यांची नात, सात वर्षांची. जावई परगावी नोकरीला, म्हणून भाची मुलीला घेऊन आईवडिलांकडेच राहते. ती औषधांच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जाते आणि साडेसहाला घर सोडते. चिऊची शाळा बदलली होती. नवी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे, आणि शाळेची बस आमच्या बाजूला येणार नव्हती. "मी सोडीन," भाऊजी म्हणाले. "रोज सोडीन आणि रोज आणीन." तरुणपणी त्यांनी कारखान्याची व्हॅन चालवली होती, परवाना त्यांनी वेळोवेळी नवा करून ठेवला होता. कोणती गाडी घ्यावी ते मी सांगितलं. माझ्या खात्यात दोघांकडे तीच होती आणि दोघंही समाधानी होते.

बुधवारी गाडी आली. शाळा त्याच्या पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी सुरू होणार होती. मधे बारा दिवस होते.

राखाडी रंगाची, पाच दारांची, आखूड नाकाची गाडी. फाटकातून आत येऊन उभी राहिली तरी अंगणात कपडे वाळत घालायला जागा उरली, यावर ताई खूश झाली. दार लावलं की पत्र्याचा आवाज नाही, जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज. आत नव्या प्लास्टिकचा वास, सीटवर पारदर्शक आवरणं, मीटरवर चौदा किलोमीटर. चालकाची सीट एका दांड्याने वरखाली व्हायची. भाऊजींनी ती सात वेळा वरखाली करून पाहिली. स्टिअरिंग इतकं हलकं की चिऊनेही एका हाताने फिरवलं. डिकीत दोन मोठ्या बॅगा राहतील आणि तिसरी आणली तर भांडण होईल. मागे तिघं बसतील, पण मधल्याने गुडघे जवळ घेऊन बसायचं. ताई मधे बसून पाहून म्हणाली, "इथे बसून लांबचा प्रवास करायचा असेल तर मी घर सांभाळायला थांबते."

भाऊजींनी तासभर तपासणी केली. बॉनेट उघडलं, टायर दाबले, काचा वरखाली केल्या, रंगावरून हाताची उलटी बाजू फिरवली. मी त्यांच्या गॅलरीत चहा घेत बघत होतो. चालकाच्या बाजूला त्यांनी निदान चार फेऱ्या मारल्या. मग हात झटकून म्हणाले, "पास."

"आजोबा, हे काय?" चिऊने विचारलं. डाव्या बाजूच्या पुढच्या दारावर कंपनीचा निळा चिकट कागद तसाच होता, वीतभर रुंद, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. भाऊजी आले, वाकले, आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

"हा आत्ता लावला कुणी?" ते म्हणाले.

आम्ही हसलो. चिऊने तो कागद सोलून काढला आणि आपल्या हाताला गुंडाळला.

पहिली चिठ्ठी शुक्रवारी मिळाली. निवृत्त होताना त्यांनी चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आठवण म्हणून घरी नेला होता. गॅरेजचा मुख्य कारागीर माझ्या ओळखीचा, आणि गाडी मी सुचवलेली, म्हणून तक्रार माझ्यातर्फे जावी असं त्यांनी ठरवलं. दोष काय: आरसा आखूड. कुठे: डावा. किती: मागचं काहीच दिसत नाही.

शनिवारी दोन आल्या. काचेच्या कडेचा खांब फार जाड, माणूस झाकला जातो. कुठे: डावा. पुढच्या काचेवर धूसर पट्टा. कुठे: डावी कड. रविवारी आणखी एक: गाडी मागे घेताना इशाऱ्याची शिटी विनाकारण वाजते. कुठे: मागचा डावा कोपरा.

ही शेवटची तक्रार मी स्वतः ऐकली. ते गाडी फाटकातून मागे घेत होते आणि आतली शिटी टुकटुक करता करता सलग ओरडायला लागली. "बघ, पाठवणी," भाऊजी खिडकीतून म्हणाले, "मोकळ्या जागेला घाबरते तुझी गाडी." मी मागे गेलो. डाव्या चाकापासून हातभर अंतरावर कचऱ्याचा डबा होता, निळा, माझ्या कमरेएवढा. मी तो बाजूला केला आणि शिटी थांबली. "डबा होता, भाऊजी," मी म्हटलं. "डबा कधी होता?" ते म्हणाले, आणि चिठ्ठी लिहिली ती लिहिलीच.

मला राग आला होता, हे कबूल केलं पाहिजे. गाडी मी सुचवली होती, तेव्हा प्रत्येक चिठ्ठी मला माझ्याच नावाची वाटत होती. मी त्या न वाचल्यासारख्या वाचून तारखेप्रमाणे लावत होतो आणि टाचणीने जोडून ठेवत होतो. अक्षर त्यांचंच होतं, सरळ आणि टोकदार. फक्त सगळं लिखाण कागदाच्या उजव्या कडेला दाटलेलं असायचं, शेवटचे शब्द एकमेकांवर चढलेले, आणि डावीकडे अर्धी ओळ कोरी. म्हातारपणी अक्षर बिघडतं, असं मी मनात म्हटलं. त्यांच्या डाव्या गालावर दोन दिवसांची दाढी राहिलेली असायची. त्यावरही मी काही म्हटलं नाही. मधेच एकदा ताई म्हणाली, "हल्ली सकाळी यांचं डोकं जड असतं. आणि दाराची चौकट रोज खांद्याला लागते. इतकी वर्षं त्याच दारातून जाताहेत." मी म्हटलं, "निवृत्त माणसाला काहीतरी लागायला हवंच ना, ताई." ती हसली, आणि मला बरं वाटलं.

पुढच्या बुधवारपर्यंत अकरा चिठ्ठ्या झाल्या. गुरुवारी कारखान्यातून लवकर सुटून मी त्या गॅरेजमध्ये नेल्या. गाडी भाऊजींनी सकाळीच तिथे सोडली होती. येताना तिच्या डाव्या दारावर एक लांब ओरखडाही आला होता, आणि तो कसा आला याची त्यांना कल्पना नव्हती.

गॅरेजमध्ये तक्रारीचा एक छापील कागद असतो. त्यावर वरून दिसणाऱ्या गाडीचं रेखाचित्र, आणि जिथे दोष असेल तिथे फुली मारायची. आमच्याकडेही परत आलेल्या मालाची अशीच नोंद असते: तारखेप्रमाणे नाही, दोषाच्या जागेप्रमाणे. मी टेबलावर वाकून एकेक चिठ्ठी बघत फुल्या मारत गेलो. आरसा. खांब. काच. मागचा कोपरा. पुढचा दिवा मंद. दाराचं हँडल जागेवर नाही. वायपर अर्धाच फिरतो. अकरावी फुली मारून पेन खाली ठेवलं आणि चित्राकडे पाहिलं.

गाडीचा उजवा अर्धा भाग कोरा होता. एकही फुली नाही. डावा अर्धा भाग फुल्यांनी काळा झाला होता. मधे जणू कुणी पट्टी ठेवून रेघ आखली होती.

कारागीर हात पुसत आला. "साहेब, गाडी मी चालवून आलो. दोन वेळा. वायपर पूर्ण फिरतो. आरसा चोख. दिवे मोजले, दोन्ही सारखे." त्याने चित्र बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या भाऊजींनी सकाळी गाडी आत आणली ना, तेव्हा डाव्या बाजूला माझा माणूस खाली बसून चाक काढत होता. मी ओरडलो म्हणून तो उठला." मग त्याने फक्त एवढंच विचारलं, "गाडीत आणखी कोण बसतं?"

मी म्हटलं, "सोमवारपासून एक लहान मुलगी बसणार आहे. पुढे. त्यांच्या डावीकडे."

संध्याकाळी गाडी मीच चालवत त्यांच्या अंगणात आणून लावली. शुक्रवारी मी रजा टाकली. अकरा वाजता गेलो आणि म्हटलं, "भाऊजी, शाळेचा रस्ता दाखवा मला. एखाद्या दिवशी तुम्हाला जमलं नाही तर मी सोडीन." त्यांना आवडलं नाही. "मला जमलं नाही तर? अडतीस वर्षांत माझी रजा किती, विचार तुझ्या खात्याला." पण किल्ली घेतली.

मी त्यांच्या शेजारी, डावीकडे बसलो. मनात अजून वाटत होतं की आपण मूर्ख ठरू. गल्ली संपेपर्यंत तसंच वाटत राहिलं. ते सावकाश चालवत होते, गिअर जागच्या जागी पडत होते, उजवीकडून येणाऱ्या प्रत्येक वाहनावर त्यांचं भाष्य होतं. "हा बघ, दिवा न दाखवता वळला. नापास." पण गाडी अगदी हळू, जराजराशी, डावीकडे सरकत होती. पदपथाचा दगड माझ्या खिडकीखालून चाकाच्या अगदी जवळून पळत होता. मी पाय ताठ करून बसलो.

मोठ्या वळणापाशी पुढे डावीकडे एक सायकलवाला होता. सायकलला दोन्ही बाजूंना पिशव्या, अंगात पिवळा सदरा. पिवळा, लख्ख उन्हात. मी त्याला शंभर पावलांवरून पाहिलं. भाऊजींची मान समोर होती. आम्ही त्याच्या मागे आलो, मग शेजारी आलो, आणि भाऊजींनी वळायला सुरुवात केली.

"भाऊजी!" मी ओरडलो आणि स्टिअरिंगला हात घातला.

त्या माणसाचा पंजा बॉनेटच्या कडेवर धाडकन आपटला. सायकल पदपथाला घासली, एक पिशवी पडली, तो पाय टेकून कसाबसा उभा राहिला आणि शिव्या देत राहिला. त्याचा चेहरा माझ्या काचेपासून फूटभर होता.

भाऊजींनी ब्रेक दाबला होता. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, कपाळाला आठ्या घालून डॅशबोर्डकडे कान दिला.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "डावीकडे काहीतरी सैल आहे. मी म्हणत होतो ना."

मी उतरलो, त्या माणसाची पिशवी उचलून दिली, माफी मागितली. तो म्हणाला, "आंधळा आहे का तो?" परत येऊन चालकाच्या दारापाशी गेलो आणि म्हटलं, "भाऊजी, आता मी चालवतो." मला वाटलं होतं वाद होईल. ते गप उतरले आणि गाडीला पुढून वळसा घालून निघाले. डावा खांदा आरशावर आपटला. ते थांबले, आरशाकडे रागाने पाहिलं आणि आत बसले.

घरी ताईने विचारलं, "इतक्या लवकर?" मी तिला पाणी आणायला सांगितलं आणि जेवणाच्या टेबलाशी बसलो. चिऊ माझ्या समोर चित्र रंगवत होती. तिला बाहेर पाठवावं असं मनात आलं, पण कुठल्या निमित्ताने ते सुचलं नाही.

"भाऊजी, दोष गाडीत नाही," मी म्हटलं.

"मग कशात आहे?"

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये."

ते हसले. मोकळं, खरंच गंमत वाटल्यासारखं. "पाठवणी, मला चष्मा फक्त वाचायला लागतो. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचून दाखवू?" आणि त्यांनी खरोखरच वाचून दाखवले. सहा, सात, तेरा, चौदा, वीस, एकवीस. कॅलेंडरच्या उजव्या कडेचे शेवटचे दोन रकाने. ताई पाण्याचा पेला हातात घेऊन दारातच थांबली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुला तुझी गाडी वाचवायची आहे," भाऊजी म्हणाले. आता हसू गेलं होतं. "तू सुचवलीस, तिच्यात दोष निघाले, ते तुला झोंबतंय. अरे, ज्या माणसाने पात्यावरची केसाएवढी भेग पकडली, त्याला तू सांगतोस दिसत नाही म्हणून? आण त्या चिठ्ठ्या. बसू आपण एकेक घेऊन."

मी अकरा चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वरची चिठ्ठी उचलली. आणि थबकले. दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. गठ्ठा चाळला, पत्ते चाळावेत तसा.

"या कुठल्या चिठ्ठ्या?" ते म्हणाले.

"तुमच्याच."

"माझ्या नव्हेत. माझ्यावर नापास असतं. या कुणी छापल्या? लाल कागदावर पास? असला मूर्खपणा कोण करतं?" आणि त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवून शब्दावर बोट ठेवलं. बोट 'पा'वर होतं. ते तिथून सुरू झालं आणि उजवीकडे सरकलं. "पा-स," त्यांनी मोठ्याने वाचलं. "काय वाचतोस तू?"

मग चिऊने रंगाची कांडी खाली ठेवली आणि वाकून पाहिलं. ती त्या वर्षी नुकतीच भरभर वाचायला लागली होती, आणि तिला कुणाची चूक काढायला मिळाली की आनंद व्हायचा.

"ना-पा-स!" ती म्हणाली. "आजोबा, तुम्ही पहिलं अक्षर खाल्लं!"

"कुठलं अक्षर?"

"हे काय, ना!" तिने त्यांचं बोट धरलं आणि ते उचलून डावीकडे नेलं, 'ना'च्या काळ्या शाईवर टेकवलं. "इथे. बघा."

भाऊजींनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मान थोडी डावीकडे वळवली, मग आणखी थोडी. मग त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी खाली उतरलं. आवाज मात्र तसाच होता.

"आहे," ते म्हणाले. "आहे खरं."

त्यांनी बोट उचललं, मान सरळ केली आणि पुन्हा त्या शब्दाकडे पाहिलं. मी त्यांचे ओठ बघत होतो. ओठ आपोआप 'पास' असं हलले. अडतीस वर्षं दिवसाला शंभर वेळा पाहिलेला शब्द.

"मी छापखान्याला सांगून तो मुद्दाम मोठा करून घेतला होता," ते म्हणाले. "लांबून दिसावा म्हणून."

ताईने पेला ठेवला आणि त्यांच्या मागे येऊन उभी राहिली, त्यांच्या डाव्या बाजूला. त्यांना ती आली ते कळलं नाही. तिने खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते दचकले.

"चिऊ, तू मघाशी कुठे बसली होतीस?" त्यांनी विचारलं.

"इथेच. तुमच्या या बाजूला. मी किती वेळा तुम्हाला रंग मागितला, तुम्ही दिलाच नाही."

भाऊजींनी खिशात हात घातला, गाडीची किल्ली काढली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "काय ते कळलं," ते म्हणाले. "कुठे तेही कळलं. किती, ते बघायला हवं."

भाची पाळीवरून आली तेव्हा ताईने तिला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं. "मामा, मीच त्यांना हो म्हटलं होतं," ती मला म्हणाली. "चिऊला पुढे बसवा, तिला आवडतं, असं मीच म्हटलं होतं."

शनिवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मला अजून आशा होती. मोतीबिंदू असेल, काचबिंदू असेल, काहीतरी नाव असलेलं आणि थेंबांनी बरं होणारं असेल. डॉक्टरबाईंनी प्रत्येक डोळा वेगवेगळा तपासला. एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात भाऊजींनी हनुवटी टेकवली, आणि आत कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं होतं. बटणाचा टिकटिक आवाज मी ऐकत होतो. टिक, टिक, टिक, मग खूप वेळ काही नाही, मग पुन्हा टिक.

यंत्रातून दोन कागद आले, एकेका डोळ्याचा. दोन्हींवर एक गोल. दोन्ही गोलांचा उजवा अर्धा पांढरा, डावा अर्धा काळा.

"डोळे चांगले आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्ही. वयाच्या मानाने फार चांगले."

"मग?" ताईने विचारलं.

"एका डोळ्यात बिघाड असता तर एकाच कागदावर डाग आला असता. दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते, तेव्हा कारण डोळ्यांत नसतं. डोळ्यांच्या मागे असतं." त्यांनी आपल्या डोक्याच्या मागे उजवीकडे हात नेला, आणि तो तिथे नको इतका वेळ राहिलाय असं वाटून खाली घेतला. "सोमवारी सकाळी नऊला मोठ्या इस्पितळात डोक्याची तपासणी करून घ्या. मी फोन करते. पुढे ढकलू नका."

"किती दिवसांचं असेल?" भाऊजींनी विचारलं.

"ते तपासणीतच कळेल. तुमच्या लक्षात कधी आलं?"

"माझ्या लक्षात आलं नाही," भाऊजी म्हणाले. "गाडीच्या आलं."

सोमवारी चिऊची शाळा साडेआठला, आणि इस्पितळ त्याच रस्त्यावर पुढे. भाचीला कामावर जावंच लागलं. आम्ही इस्पितळातून फोन केला की ती कारखान्यातून थेट तिकडे येणार होती. मी साडेसातला पोचलो. ताई मागे उजवीकडे बसली. तिच्या शेजारी, डाव्या दाराशी, चिऊ, नव्या गणवेशात, दप्तर मांडीवर घट्ट धरून. भाऊजी पुढे, माझ्या डावीकडे. पट्टा मी लावून दिला, कारण डाव्या खांद्यावरचा त्यांना सापडत नव्हता.

गाडी फार छान चालली. खरं सांगायचं तर तेव्हा मला तिचा रागच आला. खड्ड्यांवरून अलगद गेली, चौकात लगेच थांबली, कुठे कसलाही आवाज केला नाही. भाऊजी सगळा वेळ माझ्याकडे तोंड करून बसले होते. त्यांना तेवढंच जग होतं: मी, स्टिअरिंग आणि माझ्या पलीकडचा रस्ता. ते बोलत होते. दुसरा गिअर लवकर टाक, क्लचवर पाय ठेवून बसू नकोस, त्या बसच्या मागून जाऊ नकोस. त्यांच्या खिडकीबाहेरून दुकानं गेली, शाळेला निघालेली मुलं गेली, हमरस्ता गेला. त्यांनी एकदाही तिकडे मान वळवली नाही.

शाळेच्या फाटकाशी मी गाडी कडेला घेतली. चिऊ उतरली. दार लागल्याचा तो जाड आवाज झाला. फाटकाकडे दोन पावलं जाऊन ती परत आली आणि भाऊजींच्या खिडकीशी उभी राहिली. काच खाली होती. तिचा हात आत आला असता इतकी जवळ.

"आजोबा, टाटा!"

भाऊजींनी आवाज ऐकला. चेहरा उजळला. "टाटा, बाळा! नीट जा!" ते म्हणाले आणि हात उंच करून हलवू लागले. माझ्याकडे बघत, माझ्या खिडकीतून पलीकडच्या रिकाम्या रस्त्याकडे.

चिऊ तिथेच उभी होती. आधी तिला गंमत वाटली. मग ती आजीकडे बघू लागली, आणि मग तिने आपला हात हळूहळू खाली घेतला.

"दिसली का रे ती तुला?" भाऊजींनी हलत्या हातानेच मला विचारलं. "फाटकाच्या आत गेली का?"

मागून ताई म्हणाली, "गेली हो. गेली ती आत." तिने खोकल्यासारखं केलं. मग तिने चिऊला हातानेच जायची खूण केली. घंटा झाली, चिऊ मागे बघत बघत फाटकातून आत गेली, आणि मी गाडी इस्पितळाकडे घेतली. साडेआठ होऊन दोन मिनिटं झाली होती. आम्ही वेळेत पोचणार होतो.